दवंडीवाल्याची तहान

फौजदारानं वहाबकडून दवंडी तीनदा म्हणवून घेतली.

“एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर तुझा भाऊ रेवजीच्याच कोठडीत आहे, ध्यानात ठेव.”

वहाबनं डफ खांद्याला अडकवला. मागून शिपाई जालमसिंग काठी आपटत निघाला. धाकटा हबीब म्हणजे वहाबचा जीव की प्राण. पण नंदुरबारच्या बाजारात मिरचीची पोती एकट्यानं उचलणारा रेवजी, परवाच ‘चले जाव’ म्हणत झेंडा मिरवणारा, कोठडीत एका रात्रीत पटकीनं मेला, हे काही त्याच्या गळी उतरत नव्हतं.

“ऐका हो ऐका! रेवजी पटकीमा मरना! मयतले कोनी जावानं नई! सरकारना हुकूम शे!”

फटाफट दारं लागली. मागच्या साथीत तापीकाठच्या या गावातली घरंच्या घरं ओस पडली होती. तेव्हा दवंडी देत फिरताना वहाबनं कुणाच्या घरचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. सख्ख्या बहिणीच्या, हाजराबीच्या दारातूनही तो कोरड्या घशानं परतला होता. पटकीच्या दवंडीची रीतच ती, आणि गाव ती विसरलं नव्हतं. सरकार मोठं हुशार! गोळीला न भिणारी गर्दी त्यानं एका रोगाच्या नावानं घरात बसवली.

रेवजीच्या अंगणात प्रेत पोत्यात शिवून ठेवलं होतं. शेजारी त्याची बायको तापीबाई, एकटीच. खांदा द्यायला चार माणसं सोडा, रडायला शेजारीणही आली नव्हती. खिडक्यांच्या फटींतून सगळी गल्ली बघत होती.

वहाबनं तिथंही दवंडी दिली, शब्दाला शब्द. मग डफ खाली ठेवला. हबीबचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तरी तो ओट्यापाशी गेला.

“तापीबाई, माले तीस लागनी. पानी दे व बहीन.”

तिनं तांब्या कलता केला. वहाब ओंजळीनं घटाघटा प्यायला. एकही कडी वाजली नाही. आता काठी पाठीत बसणार, म्हणून त्यानं डोळे मिटले.

जालमसिंगनं काठी भिंतीला टेकवली आणि ओंजळ पुढे केली.

“माले बी दे, माय.”

तो पोटभर प्यायला. समोरच्या घराची कडी निघाली. मागोमाग दुसरी, तिसरी.

रेवजी मेला त्या रात्री कोठडीवर पहारा जालमसिंगचाच होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.