उद्घाटनाची फीत

"उद्घाटनाआधी यंत्राला कुणी हात लावायचा नाही," विभागप्रमुखांनी बजावून ठेवलं होतं. नवजात बाळांच्या मेंदूविकारांवर संशोधन करायला आणलेलं ते यंत्र मंत्रिमहोदयांची वाट बघत अकरा दिवस लाल फीत मिरवत उभं होतं.

त्या सकाळी एक बाळ जन्मलं, पण रडलंच नाही. मेंदू वाचवायचा तर सहा तासांच्या आत त्याचं अंग थंड करायला हवं होतं, आणि ते काम करणारं यंत्र हेच. लोणकर सिस्टरांनी विभागप्रमुखांना फोन लावला.

"साहेब परवा नक्की येताहेत. तोवर थांबा."

"मी थांबते हो. बाळाच्या मेंदूला तुम्हीच समजवा," असं म्हणून सिस्टरांनी फोन ठेवला आणि नाळ कापायच्या कात्रीने फीत कापून टाकली.

चौथ्या दिवशी बाळाने रडून अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला. त्याच दिवशी सिस्टरांच्या हातात मेमो पडला: शासकीय फीत विनापरवानगी का कापली, याचा लेखी खुलासा करावा.

सिस्टरांनी उभ्याउभ्याच लिहून दिलं, "बाळाचा मेंदू शाबूत आहे. बाकीच्यांची तपासणी व्हायची आहे."