आवाजाचा बंदोबस्त

शेजारच्या म्हाताऱ्याला तात्या मनातल्या मनात भोंगा म्हणत. त्याचा जुना डबडा टीव्ही संध्याकाळ झाली की असा गरजायचा, की तात्यांच्या हातातलं पुस्तक एकाच पानावर अडकून पडायचं. "आवाज कमी करा!" असं ओरडलं की भिंतीपलीकडून उत्तर यायचं, "तुम्ही कानांत बोळे घाला!"

एक दिवस तो टीव्ही बंद पडला. असलं धूड उघडायला कोणी दुकानदार तयार होईना, आणि टीव्ही दुरुस्तीत हयात घालवलेले गल्लीत एकटे तात्याच. भोंगा झक मारत दारात आला. "जमतंय का बघा. की नुसताच नावाचा डंका?"

तात्यांनी दिवसभर खपून चित्र आरशासारखं लख्ख केलं, आणि स्पीकरच्या तारेत हळूच असा एक रेझिस्टर बसवला, की आवाज डासाच्या गुणगुणण्यावर चढूच नये. "यंत्र म्हातारं झालंय, घसा बसलाय त्याचा," ते गंभीरपणे म्हणाले आणि संध्याकाळी आपला टीव्ही बंद ठेवून सुखाने पुस्तक उघडून बसले.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.



"तुमच्या दुरुस्तीनंतर कानाला काही ऐकूच येत नाही," असं म्हणत भोंगा स्वतःची खुर्ची घेऊन थेट तात्यांच्या टीव्हीसमोर बसला, "तेव्हा आजपासून रोज इथेच, रिमोट आणा इकडे!"