गुळाची तुला

भीमाला काट्याच्या पारड्यात बसवलं, तशा समोरच्या पारड्यातल्या गुळाच्या ढेपा वर गेल्या. मळ्यातल्या भैरोबापुढं जमलेल्या बाया हसल्या. "लेकरू भरलंय गं!"

रंगूबाईचा ऊर भरून आला. गेल्या साली हाच नातू काडीसारखा होता, तेव्हाचा तिचा हा नवस. अंगानं भरला तर गुळानं तोलीन. म्हातारी कशीही असो, देवाचं देणं ठेवणारी नव्हती. "आनखी एक ढेप टाका," ती म्हणाली.

तिची सून रतन, भीमाची आई, काट्यापाशी उभी होती. पोराच्या गालाला काजळाची तीट होती. पापण्या सुजून डोळ्यांच्या फटी उरल्या होत्या. पायावर बोट दाबलं की खळगा पडे आणि तसाच राही.

कालच ती त्याला बारामतीला डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. "हे बाळसं नव्हे बाई, अंगात साठलेलं पाणी आहे. मूत्रपिंडं निकामी होत चाललीत," ते म्हणाले. पिता कुठलं पाणी, असंही त्यांनी विचारलं. रतननं सांगितलं, मळ्यातल्या विहिरीचं. कारखान्याची घाण वाहणारा ओढा तिच्या कडेनंच जातो, पाणी पिवळसर येतंय. "मग ते आधी बंद करा. कुठल्याच पोराला पाजू नका."

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. सासू म्हणाली, "त्याच पान्यावर ऊस डोक्याच्या वर गेलाय. उसाला मानवतंय, आन मानसाला न्हाय व्हय?" नवऱ्यानं मान हलवली. कुणाच्या बाजूनं, ते कळलं नाही. तेव्हापासून रतनला रडू येत नव्हतं की राग येत नव्हता.

पारडी सम झाली. गूळ फोडून वाटला. भीमानं खडा तोंडात धरला, पण चावला नाही.

पाण्याला निघालेली शेजारची दगडाबाई रंगूबाईपुढं आली. कडेवर किडकिडीत पोर, हातात रिकामी घागर. "आत्याबाई, तुमच्या हिरीचं पानी मानवलं बघा लेकराला. माझ्या नकोशीसाठी रोज एक घागर न्हेऊ का?"

"न्हेऊ नगंस," रतन म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "त्या पान्यानंच भीमा सुजलाय. मरंल तुझी पोर."

गूळ खाणाऱ्या बाया तिच्याकडं बघू लागल्या. देवापुढं असलं बोलणं!

"पानी द्यायचं न्हाय तर तसं म्हन की," दगडाबाई म्हणाली. "माझ्या पोरीच्या मरनाचं कशाला बोलतीस?"

रंगूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं दगडाबाईच्या हातातली घागर ओढून घेतली आणि विहिरीच्या पायऱ्या उतरली. वर आली ती घागर काठोकाठ भरून. तिनं ती स्वतःच्या हातानं दगडाबाईच्या डोक्यावर ठेवली.

"न्हे. आमच्या घरात पान्याला कुनी न्हाय म्हनत न्हाय."