लव्हाळ्याची गाठ

अर्धांगाच्या झटक्याने आईचा उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू तिने कोनाड्यात टाकला आणि खुरपं घेऊन लव्हाळ्याने भरलेल्या वाफ्यात जाऊन बसली. लव्हाळा महाचिवट. ओढला की वरचं गवत हातात येतं, गाठ जमिनीतच राहते आणि आठवड्यात पुन्हा डोकं वर काढते.

"आई, औषध मारतो. हा हटायचा नाही."

"मी तरी कुठे हटतेय?"

चार महिने माझी कटकट चालली, तिचं खुरपं चाललं. आज तिने मुळासकट अख्खी गाठ उपटून माझ्यापुढे धरली.

"ही शेवटची."

मी गाठ निरखत बसलो. शेजारून बायको हळूच म्हणाली, "अहो, गाठ काय बघताय? हात बघा."