ढब्बूचा हातचा

शिकवणारा संगणक पारखायचा तर आधी कुणाला तरी गणितात कच्चं मूल व्हावं लागतं. संशोधक बाई महिनाभर तेच झाल्या होत्या. त्या खोट्या मुलाला त्यांनी नाव दिलं ढब्बू. ढब्बू प्रत्येक बेरजेत हातचा विसरायचा आणि संगणक न कंटाळता त्याला समजवायचा.

आज खऱ्या वर्गातला पहिला दिवस. प्रत्येक संगणकापुढे एकेक मूल बसलं होतं. खिडकीजवळची खुर्ची तेवढी रिकामी.

संगणकाचा आवाज नेमका तिथूनच आला. "ढब्बू, घाई नको. हातचा कुठे गेला?"

बाईंनी सहकाऱ्याकडे डोळे वटारले. मस्करीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. "तुझेच उद्योग ना हे?"

"आईशप्पथ, नाही! ढब्बूला मी कालच पुसून टाकलंय."

चेहरा पांढराफटक पडला होता त्याचा. नाटकं छान जमतात याला, बाई मनात म्हणाल्या.

म्हणे पुसून टाकलंय! त्या तरातरा गेल्या, त्या खुर्चीत बसल्या आणि कीबोर्ड उचलून छातीशी धरला. आता बघू कोण टाइप करतं.

पडद्यावर एकेक आकडा उमटत गेला. उत्तर बरोबर होतं. बाईंनी ढब्बूला एकदाही बरोबर उत्तर देऊ दिलं नव्हतं.

"शाब्बास ढब्बू! आलं की नाही तुला?"

शेजारची मुलगी स्वतःच्या गणितातून मान वर न करता कुजबुजली, "बाई, उठा ना. तो चेंगरतोय."