लेखिकेचं टेबल

धाकटी बहीण टेबल पुसत होती, तेवढ्यात बेल वाजली.

टेबल तिचंच होतं. वरून गडद तपकिरी चामड्याने मढवलेलं, कडेने बारीक सोनेरी रेघ, कप्पे असे की नुसतं बोट लावलं तरी आवाज न करता उघडावेत. ती करसल्लागार होती, घरातूनच काम करायची. आज मात्र तिने आपला संगणक, फायली, सगळं उचलून आतल्या खोलीत नेलं होतं आणि त्या जागी थोरल्या बहिणीची पुस्तकं मांडली होती. थोरली लेखिका. एका मासिकाला तिची लिहायची खोली छापायची होती, आणि तिची लिहायची खोली म्हणजे स्वयंपाकघरातला कोपरा आणि एक डुगडुगणारं घडीचं टेबल. "अगं, एका दुपारचा तर प्रश्न आहे," धाकटी म्हणाली होती. "माझं घर म्हणजे तुझंच की."

मुलाखत घेणारी मुलगी आत आली, तिच्यामागून फोटोग्राफर. मुलीने चामड्यावरून हात फिरवला.

"अहाहा! इथे बसल्यावर कुणालाही सुचेल हो."

लेखिका हसली. धाकटी फडकं हातात घेऊन दाराशी उभी होती. जुना, विटलेला ड्रेस, केस वर बांधलेले.

"ताई, चहा टाकू?"

"मावशी, माझा बिनसाखरेचा हं," मुलगी म्हणाली. "आणि ती पुसायची बाटली तेवढी उचला ना, फोटोत येईल."

लेखिकेने तोंड उघडलं. ही माझी बहीण, एवढंच म्हणायचं होतं. पण मग खोली कुणाची, टेबल कुणाचं, हेही आलंच असतं. जीभ रेटेना. तो क्षण गेला, आणि एकदा गेल्यावर सांगणं आणखीच अवघड होऊन बसलं.

धाकटीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि बाटली उचलली. "आणते हं," म्हणाली.

चहा आला. मुलीने प्रश्न विचारले, लेखिकेने काहीबाही उत्तरं दिली. कप उचलायला आलेल्या धाकटीकडे बघून मुलगी कौतुकाने म्हणाली, "मावशी, तुमच्या ताई केवढ्या मोठ्या लेखिका आहेत, माहितीये ना? तुम्हाला वाचता येतं?"

"येतं की," धाकटी म्हणाली. "ताईंनीच शिकवलं."

जन्मभर अगं-तुगं करणाऱ्या बहिणीच्या तोंडून 'ताईंनी' हे पहिल्यांदाच आलं होतं. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. आई कामावर गेली की थोरलीच तिला मांडीवर घेऊन अक्षरं गिरवून घ्यायची.

"काय सांगता!" मुलगी लेखिकेकडे वळली. "आणि तुम्ही हे बोलला पण नाहीत!"

"त्यात काय सांगायचं," लेखिका कशीबशी म्हणाली. मुलीला तो विनय वाटला. तिने मान डोलावून तो लिहून घेतला.

"याचा एक फोटो हवाच. मावशी, तुम्ही खुर्चीत बसा. अहो, लाजता काय, ताई काही रागावणार नाहीत."

धाकटी स्वतःच्या खुर्चीत अंग चोरून, अगदी कडेला टेकली. तिच्यापुढे कोरा कागद आला, हातात पेन आलं.

"काय लिहू?"

"तुमचं नाव लिहा. आणि ताई, तुम्ही त्यांच्या हातावर हात ठेवा. शिकवताय, असं."

लेखिकेने हात ठेवला. याच टेबलावर रोज एका झटक्यात सही करणाऱ्या धाकटीने पेन घट्ट आवळून धरलं, मान तिरकी केली आणि पहिलं अक्षर काढलं. वाकडं. दुसरं त्याहून वाकडं. थोरलीचा हात त्या अक्षरांमागून फरफटत चालला.

"सुंदर!" फोटोग्राफर म्हणाला. "आता दोघी जरा हसा."

धाकटी लगेच हसली.

"पुरे," लेखिका तिच्या कानाशी पुटपुटली. "पुरे गं आता."

"थांबा ना ताई," धाकटी मान वर न करता म्हणाली, "वरची रेघ राहिलीय."