सातूच्या शेतातली शिळा

चाळिशीत चांदीवरचं कोरीवकाम शिकायला लागलेल्या ट्यूराच्या हातून बाप्तिस्म्याच्या पेल्यावर बाळाच्या नावातलं एक अक्षरच सुटलं. "हे माझं काम नव्हे," म्हणत तिनं हत्यार खाली ठेवलं. तिचे गुरू एस्किलकाका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "सायकल काढ," एवढंच म्हणाले आणि तिनं लहानपणापासून पाहिलेल्या, सातूच्या शेतातल्या हजार वर्षं जुन्या कोरीव शिळेपाशी तिला घेऊन गेले. "आज बोटानं वाच." थंडगार रेघांवरून तिचं बोट सरकत गेलं आणि थबकलं. एका शब्दातलं राहिलेलं अक्षर ओळीच्या वर चिमुकलं करून कोंबलं होतं. "काका, हे कोरणारासुद्धा चुकला?" "चुकला की! तेही पोरांनी मेलेल्या बापाच्या आठवणीसाठी उभारलेल्या दगडावर. खाली बघ." तिनं गुडघे टेकून गवत बाजूला सारलं. तिथे सगळ्यांत खोल, सगळ्यांत ठसठशीत अक्षरं होती: "हे मी, ऊल्वनं, कोरलं."